चाकणचा खोळंबा

चाकणला पहिल्यांदा येणाऱ्याला आधी गाव दिसत नाही, रांग दिसते. भोसरी, मोशी मागं पडते, इंद्रायणी ओलांडली जाते आणि कुरुळीच्या पुढं गाडीचा वेग बैलगाडीवर येतो. तळेगाव चौकात शिक्रापूरकडं निघालेला कंटेनर आडवा, त्याच्या पलीकडं दोन मजल्यांवर कोऱ्या मोटारी लादलेला ट्रेलर, मधल्या फटींतून कामगारांच्या बसा आणि दुचाक्या. पाहुणा वैतागून सगळा दोष कारखान्यांना देतो. ते अर्धंच खरं आहे. चाकणला अडकून पडणं कारखान्यांपेक्षा कितीतरी जुनं आहे.

गावाच्या नावाची दंतकथाच बघा. दशरथाच्या रथाचं चाक इथं निखळलं, म्हणून हे चाकण. चक्रेश्वराचं मंदिर त्याची खूण म्हणून दाखवतात. व्युत्पत्ती पंडितांना पटो न पटो, गावाची पहिली गोष्ट गाडी बंद पडल्याची आहे हे मात्र मजेशीर खरं.

पुण्याहून जुन्नर-नाशिककडं जाणारी वाट आणि अहमदनगरकडून घाटाखाली कोकणात उतरू पाहणारी वाट, दोन्हींना हा टापू सोयीचा. डोंगर नाही, दरी नाही. म्हणून किल्लाही भुईकोट. ज्याला या वाटा हव्या त्याला चाकण लागायचं. 1450 च्या दशकात बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जारनं इथं तळ ठेवून कोकणावर मोहीम काढली. कोकणातल्या शिर्के सरदारांनी त्याला सह्याद्रीच्या रानात ओढून नेलं आणि संपवलं. वाचलेले परदेशी सरदार-शिपाई चाकणला परतले, तर दरबारातल्या दख्खनी गटानं सुलतानाचे कान भरले आणि त्यांना इथंच वेढून मारवलं. ही हकिगत इतिहासकार फिरिश्त्यानं लिहून ठेवली आहे.

चाकणचं नाव झालं ते मात्र 1660 मध्ये. मोगल सरदार शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता आणि त्याची रसद नगरकडून यायची. त्या वाटेवर शिवाजी महाराजांचा संग्रामदुर्ग, म्हणजे चाकणचा हाच भुईकोट, किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. 21 जूनला खानानं वेढा घातला. एवढी मोठी फौज, सपाटीवरचा छोटा कोट. चार दिवसांचं काम वाटलं असेल. पण पाऊस लागला, मोर्चे चिखलात रुतले आणि कोट काही पडेना. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासली. 14 ऑगस्टला सुरुंग उडाला, बुरुज आभाळात गेला आणि फौज खिंडाराकडं धावली. आत बघते तर किल्लेकऱ्यांनी मागं मातीचा नवा बांध घालून ठेवलेला! ती रात्र हल्लेखोरांनी तिथंच काढली. दुसऱ्या दिवशी तट हाती आला, मग मोगलांकडच्या राव भावसिंह हाडाच्या मध्यस्थीनं किल्ला खाली झाला.

पहिला आणि शेवटचा दिवस धरून हे 56 दिवस होतात. मोगलांकडचे 268 मेले, 600 जखमी झाले. खानानं चाकणचं नाव इस्लामाबाद ठेवलं, पण एका भुईकोटाला इतकं मोजावं लागल्यावर डोंगरी किल्ल्यांच्या वाटेला जायची त्याची हौस बरीच ओसरली. लाल महालातला एप्रिल 1663 चा छापा शाळेच्या पुस्तकात असतो. त्याआधीचा हा पावसाळा लोकांच्या लक्षात कमी राहतो.

पुढं राजवटी बदलल्या, किल्ल्याचं महत्त्व गेलं, बाजाराचं राहिलं. शनिवारचा आठवडे बाजार, जनावरं आणि मुख्य म्हणजे कांदा. कांद्यानं चाकणला दुसऱ्यांदा इतिहासात आणलं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघात नोकरी करणारे शरद जोशी ती सोडून भारतात आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. त्या जमिनीचं नाव अंगारमळा. तिथं त्यांनी खर्चाचा हिशेब मांडला आणि तो जुळेना. रांगडा कांदा फार दिवस टिकत नाही. काढणीला सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव असा पडतो की कधी गाडीभाडंही अंगावर येतं. 9 ऑगस्ट 1979 ला, क्रांतिदिनी, चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली. 1980 च्या जानेवारीत भामनेर खोऱ्याच्या टोकावरच्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत मोर्चा निघाला. मागणी साधी होती, चालण्याजोगा रस्ता. मार्चमध्ये कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ताच अडवला. चाकणच्या ज्या वाटांसाठी खानानं सुरुंग लावला, त्यांतली एक शेतकरी नुसते बसून बंद करू शकले. महाराष्ट्रातल्या पुढच्या कांदा-ऊस आंदोलनांची ही रंगीत तालीम होती.

त्यानंतरची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. पिंपरी-चिंचवडला जागा पुरेना तसे कारखाने इंद्रायणीपलीकडं सरकले. बजाजचा चाकणचा कारखाना 1999 चा. फोक्सवॅगनचं उद्घाटन 31 मार्च 2009 चं. मर्सिडीजही त्याच वर्षी इथं आली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी ही नावं मोटार धंद्यातल्या परदेशी माणसांच्या तोंडी बसली. कांद्याचा लिलाव आजही चाकणच्या महात्मा फुले बाजारात होतो. त्यामुळं चौकात मोटारींच्या ट्रेलरमागं कांद्याच्या पिशव्यांचा टेम्पो थांबलेला दिसला, तर तो चुकून तिथं आलेला नसतो. ट्रेलरच इथं नवखा आहे.

संग्रामदुर्ग मात्र शोधावा लागतो. वस्तीनं वेढलेला, प्रवेशद्वाराचे, तटाचे आणि बुरुजांचे अवशेष तेवढे उरलेले. पाटीच्या नादी न लागता कुणा म्हाताऱ्या माणसाला ‘किल्ला कुठं?’ विचारावं, आणि गाडी बाहेरच लावून चालत निघावं. चालणारा आधी पोचतो.