लाल लघवी, पिवळे डोळे

१९९१ च्या पावसाळ्यात वडिलांना क्षयाचे निदान झाले. आम्ही तेव्हा औरंगपुऱ्यात, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत राहत होतो. औषध सुरू झाले त्याच दिवशी त्यांची लघवी शेंदरी झाली आणि घरात ‘कावीळ, कावीळ’ असा गलका उडाला. ती कावीळ नव्हती. रिफाम्पिसिनचा तो रंगच. खरी कावीळ पाचव्या आठवड्यात डोळ्यांत उतरली. तोवर ‘असे होतेच’ म्हणून आम्ही निर्धास्त झालो होतो.

रिफाम्पिसिनचे मूळ दक्षिण फ्रान्समधल्या सेंट राफाएलजवळच्या मातीत. १९५७ साली मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेने त्या मातीतल्या जंतूपासून रिफामायसिन मिळवले आणि ‘रिफिफी’ या गाजलेल्या चित्रपटावरून त्याचे नाव ठेवले. त्यातून साठीच्या दशकात रिफाम्पिसिन घडले. आयसोनियाझिड त्याआधीचे, १९५२ चे. काटेकोर बोलायचे तर ते प्रतिजैविक नव्हे, निव्वळ रसायन. पण रुग्णाच्या लेखी सगळीच अँटिबायोटिक. त्याचे सख्खे भावंड इप्रोनियाझिड पुढे नैराश्यावर वापरले गेले आणि काविळीपायी अमेरिकेत बंद करावे लागले. इशारा घरातच होता म्हणायचा. तरी आयसोनियाझिडवर डोळे वटारले गेले ते १९७० नंतर. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिलवरच्या २,३२१ कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधक म्हणून दिले होते. १९ जणांच्या यकृताला इजा झाली, दोघे दगावले. ही सगळी आजारी नसलेली, कामावर जाणारी माणसे!

यकृत आयसोनियाझिडचे विघटन करते तेव्हा काही विषारी घटक तयार होतात. रिफाम्पिसिन यकृतातली विकरे चाळवते, त्यामुळे जोडीने घेतल्यास धोका वाढतो. पायराझिनामाइड त्यात भर घालते. चौथे इथॅम्ब्युटॉल मात्र यकृताच्या बाबतीत जवळजवळ निर्दोष. या चौघांची एकत्रित गोळी आमच्याच चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत तयार झालेली आहे. गोळी एकत्र असली की औषध चुकत नाही, हा तिचा मोठा गुण. पण कावीळ झाली की गुन्हेगार कोण ते कळत नाही. मग यकृताला घातक ठरणारी औषधे थांबवायची, रक्ततपासणी सुधारेपर्यंत थांबायचे आणि सुटी औषधे एकेक करून, रक्त तपासत पुन्हा सुरू करायची. ही रीत सोपी वाटते. पण त्यासाठी रुग्ण डॉक्टरकडे परत यावा लागतो.

आमचे वडील आले नाहीत. एका नातेवाइकाने त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. त्याने हात चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले, पाणी पिवळेजर्द झाले. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळला होता, हे मला फार उशिरा उमगले. त्याने गोळ्याही बंद करवल्या आणि तीन आठवड्यांत डोळे स्वच्छ झाले. होणारच होते, कारण काविळीचे कारणच थांबले होते! श्रेय मात्र चुन्याला गेले. दिवाळीत खोकला परतला, थुंकीत रक्त आले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी एकेक औषध पुन्हा सुरू केले, पायराझिनामाइड वगळून. उपचार लांबले, पण वडील बरे झाले.

ते २००९ साली गेले. कावीळ चुन्याच्या पाण्यानेच उतरली, असे शेवटपर्यंत सांगत असत.