अक्षरांची लवकर ओळख

सोलापुराहून दक्षिणेस विजापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हें गांव आहे. एका अंगास सीना, दुसऱ्या अंगास भीमा, आणि भीमेचें पात्र ओलांडलें कीं कर्नाटक. काळ्या जमिनीचा, ज्वारीचा हा मुलूख. बाजारांत मराठी चालते, ओसरीवर कानडी. सासू एका भाषेंत हांक मारते, सून दुसरींत ओ देते, आणि यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. या गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या पौषांत दोन दिवस राहण्याचा योग आला. तेथें जें पाहिलें, त्यामुळेंच हा लेख लिहावयास आम्ही बसलों आहों.

स्नेह्यांची नात साडेतीन वर्षांची. आम्ही अंगणांत पाय ठेवला तोंच तिनें आमच्या पिशवीवरील दुकानाचें नांव वाचून दाखविलें. मग घरच्यांच्या आग्रहावरून वर्तमानपत्राचा मथळा झाला, खताच्या पोत्यावरील अक्षरें झालीं, भिंतीवरील दिनदर्शिकेंतील वार झाले. आमच्या मनांत शंका आली, कीं ही पोर आकार आणि रंग ओळखून पोपटासारखी बोलत तर नसेल? म्हणून अंगणांतील धुळींत बोटानें आम्हीं 'गटम' असा, कोणत्याहि भाषेंत आढळल्याचें आम्हांस ठाऊक नसलेला शब्द लिहिला. मुलगी वांकली, 'ग, ट, म' असें पुटपुटली आणि 'गटम' म्हणाली. मग मान वर करून तिनें विचारलें, "गटम म्हणजे काय?"

या प्रश्नानें आमची शंका फिटली. लिहिलेल्याचा उच्चार करणें ही अर्धी विद्या. लिहिलेल्याला अर्थ असलाच पाहिजे, हा हट्ट ही उरलेली अर्धी. कांहीं मुलें अर्थाच्या फार आधीं उच्चार साधतात आणि तेथेंच अडतात. ही त्यांतली नव्हती.

घरांत कौतुक होतें, तशी काळजीहि होती. कोणा शिकल्यासवरल्या नातेवाइकानें सल्ला दिला होता, कीं मुलगी असामान्य आहे, तिच्या बुद्धीची दोन भाषांत वांटणी होऊं देऊं नये. आजीनें कानडी बोलणें थांबवावें. पोर आईजवळ 'पाणी' मागे आणि अज्जीजवळ 'नीरु' मागे, यांत त्या गृहस्थांस गोंधळ दिसला. म्हातारीस मराठी येई ती बाजारहाटापुरती. तेव्हां सल्ल्याचा परिणाम इतकाच झाला, कीं पंधरा दिवस ती नातीशीं फारशी बोललीच नव्हती. ती चुलीजवळ भाकरी थापीत बसे आणि पोर दाराशीं येऊन परत फिरे. स्नेह्यांनीं आमचें मत विचारलें. त्या वेळीं आम्ही पुरतें उत्तर देऊं शकलों नाहीं. पुढें जुनीं पुस्तकें चाळतां चाळतां जें हातीं लागलें तें येथें मांडतों.

आपल्याकडे बुद्धिमान् बालकाची परीक्षा पूर्वीं डोळ्यानें नव्हे, तर कानानें होत असे. पोथी दुर्मिळ, कागद महाग. तेव्हां एकदां ऐकून जो म्हणून दाखवील तो हुशार. अक्षरांचा प्रारंभ साधारण पांचव्या वर्षीं, तोहि ज्यांच्या घरीं ती रीत होती त्यांच्याचकडे. पंतोजीच्या शाळेंत फळीवर धूळ पसरून काडीनें किंवा बोटानें अक्षरें गिरवीत, तीच धूळपाटी. मग मोडीचें वळण, आणि दिवस मावळतांना सगळ्या पोरांनीं एका सुरांत म्हणावयाची उजळणी: पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. तीन वर्षांच्या मुलास वाचतां येतें कीं नाहीं, हा प्रश्नच त्या काळीं उद्भवत नव्हता. त्याच्या दृष्टीस वाचण्याजोगें कांहीं पडतच नव्हतें. किती पोरांची ही शक्ति तशीच विझली असेल, याचा हिशेब कोण देणार?

धूळपाटीस मागासलेली म्हणून हंसणारांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. मारिया माँटेसोरी या विदुषीनें १९०७ सालच्या जानेवारीच्या सहाव्या तारखेस रोम शहरांतील गरिबांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें खरखरीत कागदाचीं अक्षरें मुलांनीं बोटानें गिरवावयाचीं असत. आणि चार-पांच वर्षांचीं पोरें वाचूं लागण्यापूर्वींच आपण होऊन लिहूं लागलीं, हें पाहून ती स्वतःच चकित झाली. बोटाच्या स्पर्शानें अक्षर मनांत उतरतें, ही गोष्ट आमच्या पंतोजीच्या फळीवर शतकानुशतकें घडत होती. फरक छडीचा होता! ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ मध्यें बोर्डी येथें खेड्यांतील बालकांसाठीं केंद्र काढलें, तेव्हां छडी गेली आणि स्पर्श राहिला.

महाराष्ट्रांत हा कानाकडून डोळ्याकडे झालेला पालट एका माणसाच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतो. बाळशास्त्री जांभेकर यांचा जन्म १८१२ सालचा मानतात. गांव कोंकणांतील पोंभुर्लें, वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगणारे. आठव्या वर्षाच्या सुमारास या मुलाचें मराठी लेखनवाचन पुरें होऊन स्तोत्रें आणि गीता मुखोद्गत झाली होती, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. हा जुन्या परीक्षेंतील पहिला नंबर. परंतु पुढें हा मुलगा मुंबईस आला तो सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या घरीं. आणि छत्रे म्हणजे ज्यांनीं १८२८ मध्यें 'बाळमित्र' आणि 'इसापनीति' मराठींत उतरविली ते. लहान मुलांनीं आनंदाकरितां वाचावें, या हेतूनें छापलेलीं आपल्याकडील आरंभींचीं पुस्तकें ज्या घरांत तयार होत होतीं, त्याच घरांत बाळशास्त्र्यांचें इंग्रजी शिक्षण झालें. १८३२ च्या जानेवारीच्या सहाव्या तारखेस त्यांनीं 'दर्पण' काढलें. (माँटेसोरीबाईंच्या बालगृहाचीहि तीच तारीख, योगायोगाखेरीज यांत कांहीं नाहीं, पण तो आम्हांस गोड वाटतो.) १८३४ मध्यें एल्फिन्स्टन विद्यालयांत ते साहाय्यक प्राध्यापक झाले, आणि १८४६ च्या मे महिन्यांत ऐन तारुण्यांत वारले.

आमच्या प्रस्तुत प्रश्नास बाळशास्त्र्यांची एक गोष्ट विशेष लागू पडते. त्यांस संस्कृत, इंग्रजी, फारसी, गुजराती, बंगाली यांच्या जोडीला कानडीहि येत असे. आणि जुने ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर त्यांनीं निबंध लिहिले. एका भाषेनें दुसरीचें कांहीं खाल्लें, असें या विद्वानाच्या बाबतींत कोणास म्हणतां यावयाचें नाहीं.

दुसरें उदाहरण आणखी जवळचें. पंडिता रमाबाई १८५८ सालीं कर्नाटकांतील गंगामूळच्या अरण्यांत जन्मल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं स्वतःच्या पत्नीस संस्कृत शिकविलें. त्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, पण शिकविलें. वडील थकले, म्हणून रमेला धडे दिले ते आईनें, लक्ष्मीबाईंनीं. शाळा नाहीं, पाटी नाहीं, वर्षानुवर्षें तीर्थयात्रेची पायपीट. आणि बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीस पाठ झाले होते, असें सांगतात. घरांत मराठी, भोंवतालीं कानडी, पुढें वाटचालींत हिंदुस्थानी आणि बंगाली. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या सभेंत त्यांच्या आईचें नांव कोणीं घेतलें असेल काय?

आणि तिसरी, जिचें नांव घेतांना आमची लेखणी अडखळते, ती मुक्ता साळवे. फुले दांपत्याच्या पुण्यांतील शाळेंत शिकणारी मांग जातीची ही मुलगी सुमारें चौदा वर्षांची होती, जेव्हां १८५५ सालीं तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध 'ज्ञानोदयां'त छापला गेला. अक्षरांशीं ओळख होऊन तिला जेमतेम तीन वर्षें झालीं होतीं. तीन वर्षांत केवळ वाचावयास नव्हे, तर धर्म आणि राज्य यांस जाब विचारावयास ती शिकली. लवकर वाचणारीं मुलें म्हणून आपण ज्यांचें कौतुक करतों, त्यांत वयाचीं वर्षें मोजतों; मुक्तेच्या बाबतींत वर्षें शाळेचा दरवाजा उघडल्यापासून मोजलीं पाहिजेत.

परदेशांतहि कौतुकाचा अतिरेक झालेला आहे. जर्मनींतील ल्यूबेक शहरीं १७२१ मध्यें जन्मलेला क्रिस्टिआन हाइनेकेन हा बालक दोन-तीन वर्षांच्या वयांत इतिहास-भूगोल सांगे, राजदरबारीं त्याचें प्रदर्शन होई. १७२५ मध्यें, पांचवें वर्ष लागण्याच्या सुमारास तो मरण पावला. उलट इंग्लंडांतील फ्रान्सिस गॉल्टन अडीच वर्षांचा असतां वाचूं लागला आणि एकुणनव्वदाव्या वर्षापर्यंत जगला. अमेरिकेंत ल्युइस टर्मन यांनीं १९२१ पासून कॅलिफोर्नियांतील सुमारें पंधराशें तल्लख मुलांचा पाठपुरावा केला. त्यांतील जवळ जवळ निम्मीं मुलें शाळेंत जाण्यापूर्वींच वाचूं लागलेलीं होतीं. तथापि त्यांच्या चाळणींतून जे दोन विद्यार्थी खालीं गळले, त्या शॉक्ले आणि आल्वारेझ यांनींच पुढें नोबेल पारितोषिकें मिळविलीं. चाळणी कितीहि बारीक असो, ती विणणाराच्या हाताचीच असते.

ही चाळणी आपल्या मुलांकरितां नव्यानें विणण्याचें काम, वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल, याच सीमेवर झालें. डॉ. वि. वि. कामत यांनीं फ्रान्समधील बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या १९३४ च्या सुमारास धारवाड भागांतील मुलांकरितां तयार केल्या, त्या कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. त्यांवरील त्यांचें पुस्तक १९४० मध्यें निघालें, आणि देशांतील दवाखाने व शाळा त्या कसोट्या पुढें कित्येक दशकें वापरीत आल्या. बुद्धि एकच, तिला प्रश्न विचारावयाच्या भाषा दोन, हें ज्या प्रांतानें तेव्हांच ओळखलें होतें, त्याच प्रांतांतील घरीं आज अज्जीचें तोंड बंद करावें, ही मौज कीं खेद?

अलीकडील संशोधकांचें म्हणणें असें, कीं दोन भाषांत वाढणाऱ्या लहान मुलाचे एकेका भाषेंतील शब्द मोजले तर ते किंचित् कमी भरतात. दोहींचे मिळून मोजले तर कमतरता दिसत नाहीं. पहिला शब्द वर्षाच्या सुमारास आणि दोन शब्दांची जोड दोन वर्षांच्या सुमारास, हा क्रम दोहींकडे सारखाच. आणि 'पाणी' कोणाजवळ मागावयाचें व 'नीरु' कोणाजवळ, हें ज्या पोरीस अचूक कळतें, तिच्या डोक्यांत गोंधळ कसला? नागरी लिपि तर तिला अनुकूलच आहे. अक्षरें पुष्कळ, काना-मात्रा-वेलांटीचा पसारा मोठा, त्यामुळें आरंभीं उशीर लागतो. पण एकदां बाराखडीची किल्ली फिरली कीं न पाहिलेला शब्दहि बहुधा उघडतो. 'चमचा' आणि 'चार' यांतील दोन 'च' तेवढे लिपि सांगत नाहीं. ते घरांतल्या माणसांच्या तोंडूनच ऐकावे लागतात.

उशिरा बोलणारांसहि येथें विसरूं नये. सोलापूरचें ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकांतील महान् वचनकार. त्यांच्या चरित्रकथेंत ते लहानपणीं अबोल, जड वाटणारे, गुरें राखणारे असेच वर्णिले आहेत. त्यांची वचनें कानडींत आहेत, आणि त्यांच्या यात्रेस मराठी मुलूख लोटतो.

हें सर्व आम्हीं स्नेह्यांस पत्रानें कळविलें. उत्तर आलें तें बोलावण्याचें. माघांत पुन्हां गेलों, तेव्हां सगळीं मिळून भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथें गेलों. तेथील देवळाच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. मराठीच्या अगदीं जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनीं तो प्रकाशांत आणला. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचें एक वाक्य त्यांत असल्याचें सांगतात. आजूबाजूस कानडी मुलूख, आणि तुळईवर वाचणाराला दिलेला हा मराठी आशीर्वाद!

मुलीस खांद्यावर घेऊन आजोबांनीं तुळईजवळ धरलें. तिनें बराच वेळ पाहिलें. अक्षरें ओळखीचीं वाटत होतीं आणि वाचतां येत नव्हतीं. शेवटीं ती रागावून म्हणाली, "ज्यानें लिहिलंय त्याला नीट येत नव्हतं." सगळे हंसले. मग खालीं उतरून ती अज्जीकडे धांवली आणि हीच तक्रार तिनें कानडींत सांगितली. आमच्या माहितीपेक्षां बरीच लांबवून, असें म्हातारीच्या हंसण्यावरून दिसलें. अज्जीनेंहि तितक्याच लांबीचें उत्तर दिलें. तें काय होतें हें आम्हांस समजलें नाहीं, आणि दोघींपैकीं कोणीहि आम्हांस सांगितलें नाहीं.