उंबरठा आणि नोंदवही : महाराष्ट्रातील सामुदायिक परिचर्येतील विषमतेचा इतिहास

रुग्णालयात रुग्ण परिचारिकेकडे येतो. सामुदायिक परिचर्येत परिचारिका रुग्णाच्या दारी जाते. हा भेद वरकरणी लहान वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. दारी जावयाचे म्हटले की कोणाच्या घरात कोणी शिरावे, कोणाचा स्पर्श चालावा आणि कोणते घर आपल्या गावचे मानावे, हे प्रश्न औषधोपचाराच्या आधी उभे राहतात. महाराष्ट्रातील या परिचर्येच्या इतिहासात विषमतेची दोन कारणे ठळकपणे आढळतात. एक जातीचा उंबरठा, दुसरे शासनाची नोंदवही. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याचे स्वरूप औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहरालगतच्या बजाजनगरसारख्या कामगार-वसाहतीत विशेष स्पष्ट होते.

गावगाड्यात बाळंतपणाचे काम सुईणीकडे असे. अनेक गावांत हे काम मांग समाजातील स्त्रिया करीत. नाळ कापणे, वार पुरणे ही कामे अशुद्ध मानली जात. म्हणून ती करणारी स्त्री बाळंतिणीच्या खोलीत आवश्यक, तर उरलेल्या घरात निषिद्ध ठरे. तिच्या अनुभवाला मोल होते. पण तिच्या शब्दाला अधिकार नव्हता. 'सुईण' हा शब्द नात्याइतक्या सहजपणे उच्चारला जाई, तरीही त्यामागे जातीने आखून दिलेली मर्यादा होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी या क्षेत्रात सुशिक्षित स्त्रीचा प्रवेश झाला. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुणे सेवासदनाची स्थापना झाली आणि संस्थेने विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्यास प्रारंभ केला. जे काम हलके समजले जाई त्याला यामुळे प्रतिष्ठा लाभू लागली, ही गोष्ट निःसंशय महत्त्वाची होय. परंतु या नव्या परिचारिकेचे शिक्षण शहरात आणि रुग्णालयात झाले होते. खेड्यातील घरांशी तिचा संबंध अल्पच राहिला.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने या गणनेबाहेर होता. समितीने अल्पकालीन योजना म्हणून ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले. पुढे १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने ३,००० ते ३,५०० लोकांसाठी एक उपकेंद्र आणि तेथे एक पुरुष व एक स्त्री आरोग्यसेवक अशी मांडणी केली. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण त्यानंतर रूढ झाले. येथेच नोंदवहीचा प्रवेश होतो. परिचारिका किती, हे शिरगणतीवरून ठरू लागले. आणि शिरगणतीमागे गाव स्थिर असल्याचे गृहीतक होते.

नेमून पाठविलेली परिचारिका गावात स्वीकारली जाईलच असे नाही, हे जामखेड येथील प्रयोगाने दाखविले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे कार्यास प्रारंभ केला. आरंभी त्यांनी खेड्यांत प्रशिक्षित सहायक परिचारिकांवर भिस्त ठेवली. पण बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावात एकटीने राहणे कठीण जाई आणि गावही त्यांचे ऐके ना. तेव्हा गावातीलच प्रौढ स्त्रियांना आरोग्यशिक्षण देण्यात आले. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित होत्या. प्रकल्पाच्या क्षेत्रात १९७१ मध्ये दर हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ मध्ये ५२ पर्यंत उतरला. ज्या जातीच्या स्त्रीला घराच्या कोपऱ्यात थांबविले जाई, तिचा सल्ला आता माजघरात ऐकला जाऊ लागला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' ही योजना आली, तेव्हा तीत याच अनुभवाचा एक अंश उतरला. सुमारे १,००० लोकांमागे एक आशा, आणि ती त्याच गावची विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, असा नियम झाला. लेक लग्न होऊन परगावी जाते, सून गावात राहते, हे समाजवास्तव या नियमात गृहीत धरलेले आहे.

बजाजनगरात नेमके हेच गृहीतक डळमळते. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि औद्योगिक क्षेत्रात ही वसाहत वाढली. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून, तसेच परप्रांतांतून कामगार कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत येऊन राहिली. उद्योगाने ही वस्ती शहर झाली. कारभाराने मात्र ती दीर्घकाळ वडगाव कोल्हाटीच्या ग्रामपंचायतीत राहिली. २०११ च्या जनगणनेने वडगाव कोल्हाटीची गणना 'जनगणना-नगर' म्हणून केली. म्हणजे शेतीवर न जगणारी, दाट लोकवस्तीची, परंतु नगरपालिका नसलेली वस्ती. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाची आखणी मुख्यतः ५०,००० हून अधिक लोकसंख्येची शहरे आणि जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे यांच्यासाठी होती, व तिची अंमलबजावणी बहुधा नगरसंस्थांकडे होती. अशी वस्ती त्यामुळे ग्रामीण आणि नागरी या दोन्ही नोंदवह्यांच्या समासात पडते. त्यातच २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही. वाढती वस्ती जुन्याच आकड्यांनी मोजावी लागली.

याचा परिणाम कोणावर होतो, हे एका गर्भवती स्त्रीचा मार्ग पाहिला म्हणजे कळते. तिची पहिली नोंद भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर होते. सातव्या महिन्यानंतर रिवाजाप्रमाणे ती माहेरी जाते व तेथे प्रसूत होते. मूल दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर ती परतते, तेव्हा नवऱ्याच्या कंत्राटी कामाबरोबर खोलीही बदललेली असू शकते. तीन ठिकाणच्या तीन आरोग्यसेविका आपापल्या परीने काम करतात. पण बाळाची पुढची लस कोणाच्या यादीत आहे, याचे उत्तर सहज मिळत नाही. स्वतःचे घर असलेल्या शेजारणीच्या बाबतीत ही अडचण क्वचितच येते. एकाच गल्लीतील दोन बालकांच्या आरोग्यात अंतर पडते ते येथे.

१८९३ मध्ये लिलियन वॉल्ड यांनी न्यूयॉर्कच्या निर्वासित व स्थलांतरितांच्या चाळींत परिचर्येचे कार्य सुरू केले, तेव्हा परिचारिकांनी त्याच वस्तीत बिऱ्हाड केले होते. कुटुंब कोठून आले यापेक्षा ते आज कोणत्या जिन्यावर राहते, हे त्यांच्या कामाचे एकक होते. जामखेडने उंबरठ्याचा प्रश्न बराच सोडविला, कारण तेथे परिचर्या करणारी स्त्री गावची होती. बजाजनगरासारख्या ठिकाणी बहुतेक सर्वच परगावचे आहेत. तेथे आशा निवडताना भाडेकरू स्त्रीचाही विचार व्हावा, आणि माता-बालकाची नोंद पत्त्याला न चिकटता त्यांच्याबरोबर जावी, एवढा बोध या इतिहासातून निश्चित निघतो. कारण यादीत नसलेल्या घराच्या दारी परिचारिका जाणार नाही. आणि त्या दाराआडचे मूल आजारी पडले तरी त्याची नोंद कोठेच होणार नाही.