हे उपाय टिकाऊ नाहीत! (भाग लिखित स्वरूपात)

इअरफोन लावलेत? बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आजचा भाग रस्त्यावरच सुरू होतो.

तर झालं असं. गणपतीला गावी निघालो होतो. पेण मागे टाकलं आणि वडखळला, जिथे अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, नेहमीप्रमाणे अडकलो. गाडी हलेना, म्हणून उतरून कांदाभजी घेतली. अन्न छापील कागदात बांधू नका, असं अन्नसुरक्षावाल्यांनी २०१६ मध्येच सांगितलंय, पण ते भज्यांपर्यंत पोचलेलं नाही. भजी संपली आणि कागदावरचा मथळा दिसला: 'गणेशोत्सवापूर्वी महामार्ग खड्डेमुक्त'. म्हटलं, कधीचा पेपर आहे बघू. पण तारीख होती नेमकी तिथेच तेल लागलेलं. साल पुसलेलं!

भजीवाल्या मावशी म्हणाल्या, "दादा, साल कशाला बघता? दरवर्षी तीच बातमी येते."

चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, म्हणजे मावशींचं काही चुकलं नाही. पण माझं डोकं तिथून थेट 'केसरी'त गेलं. मथळ्यांचे परिणाम म्हणजे काय असतात, ते बघायचं तर तिथेच जावं लागतं.

पहिला किस्सा १८८२ चा. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीतले, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय अशी चर्चा होती. दिवाण माधवराव बर्वे त्यात सामील आहेत असं दाखवणारी पत्रं यांच्या हाती आली आणि यांनी ती छापली. आजच्या भाषेत, फॉरवर्ड केली. पत्रं निघाली बनावट! दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकच लिहिलं. एक फॉरवर्ड, १०१ दिवस. फॅमिली ग्रुपवरच्या काकांना हा भाग जरूर पाठवा.

दुसरा किस्सा सगळ्यांना पाठ असलेला. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर सरकारनं पुणेकरांवर जो वरवंटा फिरवला, त्यावर ६ जुलैच्या 'केसरी'त अग्रलेख आला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' शाळेत आपल्याला वाटायचं, याच मथळ्यामुळे टिळक तुरुंगात गेले. इथे गंमत आहे. खटला या मथळ्यावर चाललाच नाही! तो चालला त्याआधीच्या, १५ जूनच्या अंकावर. त्यात शिवरायांच्या तोंडी घातलेली एक कविता होती आणि शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावलं की सरकारबद्दलची 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! तीन हिंदी ज्युरर विरोधात गेले, सहा युरोपीय बाजूनं, आणि शिक्षा झाली १८ महिन्यांची. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचं ते १२४अ कलम आणखी कडक झालं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रोखून धरेपर्यंत ते वापरात होतं. इतका लांबचा परिणाम.

आता तिसरा, ज्यासाठी हा भाग करतोय. १९०८. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर सरकारनं ८ जूनला स्फोटकांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कडक कायदे घाईनं मंजूर केले. दुसऱ्या दिवशी 'केसरी'चा मथळा: 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. म्हणणं सरळ होतं, की दडपशाहीनं बाँब थांबत नाहीत, लोकांना हक्क द्यावे लागतात.

१२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि हा, या दोन लेखांवर खटला उभा राहिला. न्यायाधीश होते दावर. हेच दावर १८९७ मध्ये वकील होते, आणि त्यांनीच टिळकांना जामीन मिळवून दिला होता. या वेळी त्यांनी जामीन नाकारला. टिळक स्वतःच्या बचावात २१ तासांहून जास्त बोलले. (आमचा सर्वात लांब भाग ५० मिनिटांचा, आणि तोही लांबला म्हणून तुम्ही ओरडता.) २२ जुलैला, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. मग मंडाले.

गिरणगाव पेटलं. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. सरकारनं गोळीबार केला, माणसं मेली. इथे हसू थांबतं. ज्यांनी जीव दिला त्यांतल्या कित्येकांना तो अग्रलेख वाचताही आला नसेल. त्यांतले पुष्कळ आपल्या कोकणातले, पोटासाठी मुंबईला गेलेले.

वडखळच्या त्या नाक्यावर हे सगळं डोक्यात चाललं होतं. समोर एक डंपर खड्ड्यात खडी ओतून गेला. वर पाऊस चालूच. दहा मिनिटांत खडी रस्त्यावर, खड्डा जागच्या जागी. मी मोठ्यानं म्हणालो, "हे उपाय टिकाऊ नाहीत!" मावशी हसल्या. त्यांना वाटलं मी रस्त्याबद्दल बोलतोय. रस्त्याबद्दलच बोलत होतो.

तेव्हा मथळा ज्यानं छापला, त्यानं त्याची किंमत मोजली. आता 'खड्डेमुक्त' म्हणून ज्यानं शब्द दिला, त्याला कोणी साल विचारत नाही. किंमत मोजतो तो रात्री पावसात दुचाकीवरून घरी निघालेला पोरगा.

म्हणून एक काम करा. यंदा असा मथळा दिसला की स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. पुढच्या गणपतीला त्याच्या शेजारी नवा ठेवा आणि आम्हालाही पाठवा, आपण भाग करू. फक्त पाठवण्याआधी खरा आहे का ते तपासा. डोंगरीचे १०१ दिवस लक्षात आहेत ना?

गाडी हलली. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.