एकांड्या पदाचे शिक्षण : बडोदे ते बेंगळुरू

शासकीय आकृतिबंधात काही पदे एकांडी असतात. तहसीलदाराला शेजारच्या तालुक्यात दुसरा तहसीलदार भेटतो, वर प्रांताधिकारी असतो, प्रशिक्षणासाठी प्रबोधिनी असते. ग्रंथपालाचे तसे नाही. महाविद्यालयात, संशोधन संस्थेत, न्यायालयात किंवा सचिवालयात तो बहुधा आपल्या व्यवसायाचा एकटाच प्रतिनिधी असतो. त्याचा गोपनीय अहवाल प्राचार्य, संचालक अथवा निबंधक लिहितात. ही माणसे आपापल्या क्षेत्रात कितीही मोठी असली, तरी वर्गीकरणातील किंवा तालिकीकरणातील उणीव त्यांच्या ध्यानात येण्याचे कारण नाही. थोडक्यात, ग्रंथपालाचे काम उत्तम झाले की सुमार, हे अधिकारवाणीने सांगू शकेल असा माणूस त्या इमारतीतच नसतो. असा कर्मचारी तीस वर्षांच्या सेवेत व्यावसायिक दृष्ट्या वाढतो तरी कसा?

भारतात या प्रश्नाचे उत्तर शासनाने नव्हे, तर ग्रंथपालांच्या संघांनी प्रथम शोधले. त्या शोधाचा आरंभ एका मराठी राजाच्या राजधानीत झाला आणि त्याचा परिपाक बेंगळुरूत झाला. म्हणूनच महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी वाचकांना हा इतिहास परका वाटू नये.

सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. गावोगावी ग्रंथालये काढण्याचा निर्धार महाराजांचा होता आणि त्यासाठी लागणारा पैसा व अधिकारही त्यांच्याकडे होता. परंतु ग्रंथालय हुकमाने उघडता येते, ग्रंथपाल हुकमाने घडत नाही. 1911 मध्ये बॉर्डन यांनी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. त्याच सुमारास बडोद्यात ग्रंथालयीन कर्मचाऱ्यांचा क्लब उभा राहिला, आणि 1912 मध्ये त्याच्या वतीने ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. ज्याच्या हाती कालपर्यंत केवळ देवघेवीची नोंदवही होती, तो कर्मचारी आता स्वतःच्या कामाविषयी लिहू लागला आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचू लागला. ही घटना लहान असली तरी मूलगामी होती.

बॉर्डन 1913 मध्ये परतले. काम थांबले नाही, कारण ते पुढे नेणारी माणसे तयार झाली होती. त्यांपैकी जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी 1919 साली मद्रास येथे भरलेल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. पुढे 1924 मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी तेथे ग्रंथालय परिषदही भरली आणि तिचे अध्यक्ष देशबंधू चित्तरंजन दास होते. एका संस्थानातील प्रयोग आता देशाच्या सार्वजनिक जीवनाचा भाग होऊ लागला होता.

दुसरा टप्पा मद्रासचा. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथील अनेक ग्रंथालये त्यांनी पाहिली. पण परतल्यावर त्यांना जाणवलेली मोठी उणीव पुस्तकांची नव्हती, सहकाऱ्यांची होती. 1928 च्या जानेवारीत मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि रंगनाथन त्याचे सचिव झाले. संघाने 1929 च्या उन्हाळ्यात ग्रंथपालांसाठी वर्ग घेतला. दोन वर्षांनी, 1931 मध्ये, तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. हा क्रम प्रशासनाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. गरज संघाने ओळखली, प्रयोग संघाने केला, प्रयोगाची जोखीमही संघानेच पत्करली. तो यशस्वी ठरल्यावर मान्यताप्राप्त संस्थेने तो स्वीकारला.

रंगनाथन यांचे ‘ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत’ 1931 मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण 1933 मध्ये प्रसिद्ध झाले, ते मद्रास ग्रंथालय संघाच्या प्रकाशनमालेत. जगभर अभ्यासले गेलेले हे ग्रंथ एका प्रांतिक व्यावसायिक संघाने छापले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ग्रंथालय कायद्याचेही तसेच. रंगनाथन यांनी आदर्श कायद्याचा मसुदा 1930 साली बनारसच्या अखिल आशिया शिक्षण परिषदेत मांडला आणि मद्रास प्रांताचा कायदा 1948 मध्ये झाला. मधली अठरा वर्षे मसुदा जिवंत ठेवणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. अधिकारी बदलतात, मंत्रिमंडळे जातात. संघ मात्र विषय सोडत नाही.

1933 साली कलकत्त्यात भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला. 1944 ते 1953 या काळात रंगनाथन त्याचे अध्यक्ष होते. परंतु ग्रंथपालाच्या घडणीच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचे वाटते ते 1951 मध्ये दिल्लीत सुरू झालेले ग्रंथालय संशोधन मंडळ. रंगनाथन यांच्या निवासस्थानी रविवारी काही ग्रंथपाल जमत. मंडळाला ना शासकीय अनुदान होते, ना प्रमाणपत्र देण्याचा अधिकार. आठवडाभर आपापल्या ग्रंथालयात एकटे असणारे हे लोक त्या दिवशी समव्यवसायिकांत बसून वर्गीकरणाचे प्रश्न सोडवीत. प्रशंसेची तेथे फारशी गरज नव्हती. चूक दाखवणारा जाणकार भेटणे हाच मोठा लाभ होता.

हीच रीत रंगनाथन यांनी पुढे बेंगळुरूत आणली. झुरिकमधील वास्तव्यानंतर 1957 मध्ये ते या शहरात स्थायिक झाले. त्या वेळचे बेंगळुरू ग्रंथपालांच्या दृष्टीने वेगळेच शहर होते. भारतीय विज्ञान संस्था होतीच. शिवाय हिंदुस्थान विमान कारखाना, टेलिफोन कारखाना, यंत्रावजारांचा कारखाना, भारत इलेक्ट्रॉनिक्स असे सार्वजनिक उद्योग उभे राहिले होते. अशा ठिकाणच्या ग्रंथपालाकडे येणारा अभियंता कादंबरी मागत नाही. त्याला विशिष्ट धातूविषयी अथवा विशिष्ट प्रक्रियेविषयी जगात नुकतेच काय प्रसिद्ध झाले, ते आजच्या आज हवे असते. हे काम म्हणजे प्रलेखन, आणि ते शिकवणारी स्वतंत्र शाळा देशात नव्हती.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत 1962 मध्ये बेंगळुरूत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याआधी 1961 मध्ये रंगनाथन यांनी पत्नीच्या नावाने शारदा रंगनाथन निधी उभारला होता. 1963 पासून केंद्राचे वार्षिक चर्चासत्र भरू लागले आणि 1964 पासून त्रैमासिक निघू लागले. विद्यार्थी शिकून बाहेर पडला म्हणजे त्याचा संबंध संपला, असे येथे नव्हते. नोकरीत अडलेला प्रश्न निबंधाच्या रूपाने चर्चासत्रात आणायचा, तेथील आक्षेप ऐकायचे आणि सुधारलेली पद्धत पुन्हा आपल्या ग्रंथालयात न्यायची, असा हा क्रम होता. ए. नीलमेघन, एम. ए. गोपीनाथ आणि गणेश भट्टाचार्य यांचे नावाजलेले कार्य याच केंद्रात झाले. रंगनाथन 27 सप्टेंबर 1972 रोजी बेंगळुरूत निवर्तले. केंद्र आजही येथे सुरू आहे.

केंद्र हा संघ नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु बडोद्याच्या क्लबात, मद्रासच्या उन्हाळी वर्गात आणि दिल्लीच्या रविवारच्या बैठकीत जी रीत रुजली, तिलाच बेंगळुरूत इमारत आणि अंदाजपत्रक मिळाले. संघाविना ही संस्था निघाली असती तर ती आणखी एक परीक्षा घेणारे कार्यालय झाली असती.

कर्नाटक व महाराष्ट्र यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. तत्कालीन म्हैसूर राज्याने 1965 च्या कायद्याने ग्रंथालय उपकर आणि शासनाचा स्वतंत्र ग्रंथालय विभाग यांचा मार्ग घेतला. महाराष्ट्राने 1967 च्या कायद्यात उपकर टाळला, लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अनुदान दिले आणि ग्रंथालय संघांना मान्यता देण्याची तरतूद केली. पहिल्या पद्धतीत पैशाची निश्चिती अधिक, दुसरीत लोकसहभाग अधिक. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. कायद्याने पद निर्माण होते, त्या पदावरील माणसाची वाढ होत नाही.

संघांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वार्षिक अधिवेशन, सत्कार, वेतनश्रेणीचे ठराव आणि वर्षानुवर्षे तेच पदाधिकारी, एवढ्यावर अनेक संघ थांबले. वेतनाची मागणी रास्तच आहे; परंतु केवळ मागणीने व्यवसायाची प्रतिष्ठा वाढत नाही. पदोन्नतीसाठी चर्चासत्रांतील निबंधांचे गुण मोजले जाऊ लागल्यावर निबंध वाढले, आक्षेप घेणारे मात्र कमी झाले. वर्गणी भरल्याने माणूस सभासद होतो. तो घडतो तो संघाचे एखादे काम अंगावर घेतल्याने : वर्ग चालवणे, अंक काढणे, मसुदा लिहिणे, निबंध वाचून त्याचे समर्थन करणे.

प्रशासनाने यात काय करावे? फार खर्चाचे काही नाही. परिषदेस जाणाऱ्या ग्रंथपालाची रजा कर्तव्यकाळ मानावी, प्रवासभत्ता वेळेवर द्यावा, आणि परत आल्यावर ‘काय शिकलात?’ एवढा प्रश्न विचारावा. काटकसरीच्या काळात ग्रंथपालाचे रिक्त पद प्रथम गोठवले जाते, हे सेवेतील प्रत्येकाने पाहिले आहे. त्या पदावर माणूस असतानाही त्याला चार भिंतींत एकटे ठेवले, तर पद भरले काय आणि रिक्त राहिले काय, वाचकाच्या दृष्टीने फरक थोडाच उरतो.