सुमित नागल : चॅलेंजर स्पर्धांतून घडलेली कारकीर्द

सुमित नागल हा भारताचा व्यावसायिक टेनिसपटू असून त्याची कारकीर्द प्रामुख्याने चॅलेंजर या दुसऱ्या स्तरावरील स्पर्धांमधून घडली आहे. १६ ऑगस्ट १९९७ रोजी हरियाणातील झज्जर जिल्ह्यात त्याचा जन्म झाला. महेश भूपतीच्या प्रशिक्षण योजनेत बालवयातच त्याची निवड झाली. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या ली होआंग नामच्या साथीने त्याने विम्बल्डनमध्ये मुलांच्या दुहेरीचे विजेतेपद पटकावले.

पुरुषांच्या टेनिसमध्ये सर्वांत खाली आयटीएफ स्पर्धा, त्यावर चॅलेंजर आणि शिखरावर एटीपी टूर व ग्रँड स्लॅम अशी उतरंड आहे. मिळवलेले गुण ५२ आठवडेच टिकतात. त्या मुदतीत तशीच कामगिरी पुन्हा झाली नाही, तर क्रमवारी घसरते आणि मोठ्या स्पर्धांतील थेट प्रवेश हुकतो. प्रवास, निवास आणि प्रशिक्षकाचा खर्च मात्र खेळाडूलाच पेलावा लागतो.

नागलने २०१७ मध्ये बेंगळुरू आणि २०१९ मध्ये ब्युनोस आयर्स येथील चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या. २०१९ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत पात्रता फेरीतून आलेल्या नागलने रॉजर फेडररविरुद्ध पहिला सेट ६-४ असा जिंकला. सामना मात्र चार सेटमध्ये गमावला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने डेनिस इस्तोमिनला हरवले. त्यानंतर २०२१ च्या अखेरीस नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढील वर्षी तो पहिल्या पाचशे खेळाडूंच्याही बाहेर फेकला गेला.

२०२३ मध्ये रोम व टाम्पेरे येथील चॅलेंजर विजेतेपदांनी त्याने पुनरागमन केले. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या बँक खात्यात केवळ ९०० युरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये, उरल्याचे त्याने सांगितले. एकच प्रशिक्षक सोबत ठेवूनही वर्षाला ८० लाख ते एक कोटी रुपये खर्च होतात, असे त्याचे म्हणणे होते. इंडियन ऑइलचे वेतन आणि महा टेनिस फाउंडेशनचे साहाय्य असूनही मोठा प्रायोजक नव्हता.

चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत त्याने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये नमवले. रमेश कृष्णननंतर, म्हणजे १९८९ नंतर, ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. दुसऱ्या फेरीत पराभव होऊनही त्याला १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

फेब्रुवारीत चेन्नई चॅलेंजर जिंकून त्याने पहिल्या शंभरात प्रवेश केला. जूनमधील हाइलब्रॉनच्या विजेतेपदानंतर जुलैमध्ये तो ६८ व्या, म्हणजे कारकिर्दीतील सर्वोत्तम, स्थानी पोहोचला. २०२५ मध्ये मेलबर्नला पहिल्याच फेरीत पराभव झाला, आदल्या वर्षीचे गुण वजा झाले आणि तो पुन्हा शंभराबाहेर गेला.