आवाज पारखणारी खोली

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंत एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत आले. गाणारा आणि ऐकणारे समोरासमोर. आवाज भावला की नाही, हे तिथल्या तिथे कळायचं. ध्वनिमुद्रण आलं आणि मध्ये एक बंद खोली आली. लोकांनी काय ऐकायचं, ते आधी त्या खोलीतले दोन-चार जण ठरवू लागले. त्यांचा अंदाज कसा चुकतो, हे दोन उदाहरणांतून पाहू.

पहिलं आपल्या घरातलं. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले, तेव्हा लतादीदी बारा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी 'किती हसाल' या चित्रपटासाठी त्या गायल्या. ते गाणं चित्रपटातून वगळलं गेलं. पुढे मुंबईत संगीतकार गुलाम हैदर यांनी हा आवाज हेरला आणि १९४८ साली आलेल्या 'शहीद'साठी फिल्मिस्तानचे शशधर मुखर्जी यांना ऐकवला. आवाज फारच बारीक आहे, असं म्हणून मुखर्जींनी नकार दिला.

मुखर्जी काही अडाणी निर्माते नव्हते. पण त्या काळी नूरजहाँ, शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली यांचे भरदार आवाज कानात बसले होते. त्या मापाने मोजलं, तर हा आवाज बारीक ठरणारच!

हैदर यांनी मात्र 'मजबूर'मध्ये लतादीदींना गायला लावलं. १९४९ मध्ये 'महल', 'बरसात' आणि 'अंदाज' आले आणि मापच बदललं. १९५३ च्या 'अनारकली'तली गाजलेली गाणी लतादीदींचीच, आणि तो चित्रपट होता फिल्मिस्तानचा!

दुसरं उदाहरण लंडनचं. लिव्हरपूलहून बर्फातून व्हॅनने आलेले चार तरुण १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीच्या स्टुडिओत पंधरा गाणी गायले. त्यांतली स्वतःची अवघी तीन. हेच ते बीटल्स. कंपनीने त्यांना नाकारून त्याच दिवशी आलेला, लंडनजवळचा दुसरा गट निवडला. गिटारवाल्या गटांचे दिवस संपले, असं कारण मिळाल्याचं त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी पुढे लिहिलं. डेक्काच्या डिक रो यांनी ते नाकारलं. एपस्टाइन यांनी त्या टेपवरून तबकड्या काढून घेतल्या आणि त्या ईएमआयच्या जॉर्ज मार्टिन यांच्यापर्यंत पोचल्या. ऑक्टोबरमध्ये ईएमआयने बीटल्सची पहिली तबकडी काढली. पुढच्याच वर्षी रो यांनी रोलिंग स्टोन्सना करारबद्ध केलं, तेही बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या शिफारशीवरून.

श्रोतेहो, नकार देणारे बहिरे नव्हते. काल काय खपलं, यावरून ते उद्याचा अंदाज बांधत होते. लतादीदींना हैदर भेटले, बीटल्सना एपस्टाइन. ज्यांना असं कुणी भेटलं नाही, त्यांची नावंही आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. म्हणून एखादा नवा आवाज कानाला वेगळा लागला, तर लगेच रेडिओ बंद करू नका. दुसऱ्यांदा ऐका.